शितावरून भात, ढिगावरून कांदा

मराठी समीक्षेत 'एकूण' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. 'एकूण मराठी कविता', 'एकूण ग्रामीण कथा', 'एकूण पातळी खालावली आहे' अशी विधाने चर्चासत्राच्या बीजभाषणात, संपादित ग्रंथाच्या प्रस्तावनेत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सारख्याच निश्चिंतपणे केली जातात. पूर्वी अशा विधानाला आधार विचारला, की व्यासंगाकडे बोट दाखवले जाई. अलीकडे त्या जागी विज्ञान दाखवण्याची प्रथा पडू लागली आहे. माणसाच्या डोळ्याला म्हणे समूहाची सरासरी एका दृष्टिक्षेपात आणि लक्ष न देताही कळते, सुट्या वस्तू पाहाव्याच लागत नाहीत. मग मुरलेल्या वाचकाला एखाद्या पिढीचे साहित्य तसेच का कळू नये? हा युक्तिवाद आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचा समाचार घेणे आता टाळता येत नाही. ज्या प्रयोगांचा हवाला दिला जातो त्यांत नेमके काय घडले हे कोणी सांगत नाही. आणि जे घडले ते या मंडळींच्या सोयीचे नाही.

मूळ प्रयोग २००१ सालचा. डॅन एरिअली यांनी तो 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बघणाऱ्याला लहानमोठ्या वर्तुळांचा एक संच अर्धा सेकंद दाखवायचा, मग एकटे वर्तुळ दाखवायचे आणि दोनपैकी एक प्रश्न विचारायचा. हे वर्तुळ मघाच्या संचात होते काय? किंवा: मघाच्या संचातील सरासरी आकारापेक्षा हे मोठे की लहान? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे चांगली आली. संचात चार वर्तुळे असोत वा सोळा, फारसा फरक पडला नाही. पहिल्या प्रश्नाची उत्तरे मात्र जवळजवळ नाणेफेकीच्या तोडीची होती. सरासरी हाती लागली, पण ती ज्यांची सरासरी होती ते घटक हातून निसटले. (एरिअलींचे नाव असलेला, प्रामाणिकपणाविषयीचा २०१२ सालचा एक वेगळा निबंध त्यातील आकडेवारी बनावट आढळल्यामुळे २०२१ साली मागे घेतला गेला, ती बनावट आपण केली नाही असे त्यांचे म्हणणे आहे. वर्तुळांच्या निष्कर्षाला त्याची झळ लागत नाही, कारण समूहाच्या सरासरीचा प्रत्यय इतरांनी स्वतंत्रपणे पडताळला आहे. विज्ञानाचा दाखला देणाऱ्याने एवढी चौकशी करावी, म्हणून हे सांगितले.)

हा निकाल वाचताना आम्हाला आठवली ती एम. ए.ची प्रश्नपत्रिका. 'ग्रामीण कथेची वैशिष्ट्ये सांगा.' विद्यार्थी सांगतो: बोलीचा वापर, मातीचा गंध, नात्यांतील ताण, बदलते खेडे. गुणही मिळतात. त्याच विद्यार्थ्यापुढे लेखकाचे नाव काढून टाकलेली एक कथा ठेवावी आणि ही तुमच्या ग्रामीण कथेत बसते काय असे विचारावे. तो गोंधळतो. एरिअलींच्या प्रयोगातला बघणारा निदान अर्धा सेकंद वर्तुळे पाहत तरी होता. आमच्या विद्यार्थ्याला सरासरी आयती मिळालेली असते, दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी काढलेली आणि मार्गदर्शकात छापलेली. याला ज्ञान म्हणायचे आणि वर त्याच्या समर्थनार्थ दृष्टिविज्ञान उभे करायचे, हा आमच्या मते अप्रामाणिकपणा आहे.

आता 'लक्ष न देता' या शब्दांकडे वळू. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेने हाच शब्द स्वीकारला हे उत्तम झाले, कारण नुसते 'लक्ष' म्हटले की ते आहे किंवा नाही एवढेच दोन पर्याय आपल्याला सुचतात. अवधान एका ठिकाणी रोवता येते तसे ते पसरताही येते. ॲन ट्रीझमन यांनी १९८० साली एका सहकाऱ्यासह मांडलेला सिद्धान्त असा, की रंग, आकार, दिशा हे सुटे गुण एकत्र बांधून 'ही एक वस्तू' असा प्रत्यय यायचा तर अवधान त्या जागी न्यावे लागते. असे असेल तर डोळे उघडताक्षणी अख्खे दृश्य दिसल्याचा अनुभव कुठून येतो? या अडचणीतूनच त्या सरासरीच्या प्रश्नाकडे आल्या असाव्यात असे आम्हाला वाटते. सांग चुल चाँग यांच्यासह त्यांनी २००३ साली दाखवले, की संच सेकंदाच्या विसाव्या भागाइतका वेळ दाखवला तरी सरासरी आकाराचा अंदाज बऱ्यापैकी टिकतो. पण समीक्षेतील आमचे मित्र इथेच वाचन थांबवतात. २००५ साली याच दोघांनी पुढचा प्रश्न विचारला: बघणाऱ्याला त्याच वेळी दुसरेही काम दिले तर? ज्या कामात नजर सगळ्या पटावर पसरावी लागते ते काम सोबत असताना सरासरी चांगली कळली. ज्यात एकेक आकृती तपासत जावे लागते ते सोबत असताना ती बिघडली. म्हणजे सरासरीलाही अवधान लागतेच, फक्त ते पसरलेले लागते. पसरलेले अवधान आणि अवधानाचा अभाव यांत दर्शनरांगेतला भाविक आणि रांगेत झोपी गेलेला भाविक यांच्याएवढे अंतर आहे.

'लक्षाबाहेरही सरासरी कळते' या दाव्याला आधार म्हणून २००८ सालचा जॉर्ज अल्वारेझ आणि ओद ओलिव्हा यांचा प्रयोग सांगितला जातो. त्यात बघणाऱ्यांनी हलणाऱ्या ठिपक्यांपैकी काहींचा माग ठेवायचा होता आणि उरलेल्यांकडे दुर्लक्ष करायचे होते. दुर्लक्षित ठिपक्यांतला एकेक कुठे होता हे त्यांना नीट सांगता आले नाही, पण त्या सर्वांचा मध्यबिंदू सांगता आला. प्रयोग सुंदर आहे. मात्र तो ठिकाणांच्या मध्याचा आहे, आकारांच्या सरासरीचा नाही; आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होत असताना सोडून दिलेल्या ठिपक्यांबद्दलही विचारले जाते हे बघणाऱ्याला कळलेले असतेच. ज्याची विचारणा होणार हे ठाऊक आहे, त्याच्यावर एक डोळा राहतो. खरी कसोटी विचारणेची कल्पनाच नसताना. मॉली जॅक्सन-नील्सन, मायकेल कोहेन आणि मायकेल पिट्स यांनी २०१७ साली ती घेतली, तेव्हा रंगांच्या आणि आकारांच्या समूहगुणांतला बदल कित्येकांच्या ध्यानातच आला नव्हता. अवधान दुसरीकडे गुंतले, की चेंडूफेक मोजणाऱ्यांपैकी निम्म्यांना समोरून गेलेला गोरिला दिसत नाही, हे १९९९ सालच्या प्रसिद्ध चित्रफितीमुळे सर्वश्रुत आहे. सरासरीही त्या गोरिलासारखीच न दिसता निघून जाऊ शकते.

हे झाले प्रयोगशाळेतले. हाच प्रश्न रोज, आणि पैशाच्या हिशेबात, जिथे सोडवला जातो तिथे आता जाऊ. ओझर बहुतेकांना ठाऊक असते ते अष्टविनायकांतल्या विघ्नेश्वरामुळे: कुकडीचा काठ, शेजारी येडगाव धरणाचे पाणी, दगडी तट, दीपमाळा, आणि मूर्तीच्या डोळ्यांतली माणके. मूर्ती केवढी होती, असे दर्शन घेऊन आलेल्याला विचारले तर तो त्या माणकांबद्दलच बोलू लागतो, असा आमचा अनुभव आहे. याच परिसरात कांदा पिकतो, बराखीत साठतो आणि पिशव्यांतून जुन्नर बाजार समितीच्या ओतूर, आळेफाटा अशा आवारांत लिलावाला जातो. (आळे हे ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी असलेले गाव. ज्याच्या मुखातून वेद वदवले गेले त्याच्या शेजारी आज दहा किलोचा भाव पुकारला जातो, हे दोन्ही अवधानाचेच खेळ आहेत.) गोळा, सुपर, गोल्टा, गोल्टी, बदला अशी प्रतवारी, प्रत्येकीचा दर वेगळा. कांदा ओतला जातो, व्यापारी ढिगाकडे पाहतो आणि आकडा बोलतो. कोणी मोजपट्टी लावत नाही. वर्तुळांच्या प्रयोगात जे पडद्यावर विचारले गेले ते इथे ढिगासमोर विचारले जाते, आणि चुकीच्या उत्तराची किंमत कोणाच्या तरी वर्षाच्या कष्टातून जाते.

समीक्षकाने या व्यापाऱ्याकडून शिकावे असे बरेच आहे. पहिली गोष्ट ही, की तो आपल्या नजरेवर विश्वास ठेवत नाही. गोळा कांदा वर आणि गोल्टी तळाला, ही रचना त्याला पाठ आहे. म्हणून तो ढिगात हात घालतो आणि तळचा कांदा वर आणतो. यान डी फॉकर्ट आणि ॲलेक्झांडर मर्चंट यांनी २००८ साली नेमके हेच मोजले. बघणाऱ्याला संचातील सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान वर्तुळाकडे लक्ष द्यायला सांगितले, की त्याने सांगितलेली सरासरी त्या वर्तुळाच्या दिशेने कलते. ढीग तोच, सरासरी तीच, पण डोळा जिथे टेकला तिकडे ती सरकली. शेतकऱ्याचा तोटा होतो तोही याच वाटेने, कारण ही युक्ती दोन्ही बाजूंना वापरता येते: घेणाऱ्याने ढिगातून तीन गोल्टी कांदे उचलून तळहातावर धरले, की भोवतालच्या सगळ्यांच्या डोळ्यांत अख्खी वक्कल लहान होते. कोणी खोटे बोललेले नसते. तळहातावरचे तीनही कांदे त्याच ढिगातले असतात.

आमच्या बीजभाषणांतली तीन उद्धृते अशीच तळहातावर धरलेली असतात.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे आणि ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. सरासरी कशाची? समजा दहा कांदे आहेत: पाच चार सेंटिमीटर व्यासाचे, पाच सहा सेंटिमीटर व्यासाचे. नगावर पाहिले तर सरासरी व्यास पाच सेंटिमीटर. पण वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. सहाचा कांदा चारच्या कांद्याच्या जवळजवळ साडेतीनपट भरतो, आणि एकूण वजनाचा तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग त्या पाच मोठ्या कांद्यांत असतो. डोळा पाहतो रुंदी, काटा तोलतो वजन. व्यापाऱ्याला हा फरक रोजच्या रोज काट्यावर कळतो, म्हणून त्याची नजर काट्याने घासून घासून सुधारलेली असते. समीक्षकाच्या नजरेला काटा कोणता? 'या दशकात चांगल्या कादंबऱ्या आल्या नाहीत' असे कोणी म्हणतो, तेव्हा तो पुस्तके नगावर मोजतो आहे की वजनावर, हे तो सांगत नाही. बहुधा त्याचे त्यालाही ठाऊक नसते. नगावर मोजले तर कोणतेही दशक सुमारच ठरेल, आणि वजनावर मोजले तर दोन कादंबऱ्या अख्खे दशक तारून नेतील.

इथे कोणी आपली जुनी म्हण पुढे करील: शितावरून भाताची परीक्षा. गंमत अशी, की मानसशास्त्रातही हाच आक्षेप घेतला गेला आहे. मायचेक आणि डॅनिएल सायमन्स (गोरिलावाले ते हेच) यांनी २००८ साली दाखवले, की संचाची सरासरी कळते असे मानण्याची गरजच नाही. बघणाऱ्याने दोनचार वर्तुळे नमुन्यादाखल पकडली तरी एवढी अचूकता साधू शकते. त्यावर एरिअली आणि चाँग यांची उत्तरे आली आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. आमच्या पक्षाला हा वाद कोणाच्याही बाजूने मिटला तरी चालेल. नमुना घेतला जात असेल तर कोणती शिते उचलली हा प्रश्न उरतो, आणि पूर्ण ढीग पाहिला जात असेल तर डोळा कुठे टेकला हा.

पण म्हणीवर अन्याय नको. एका शितावरून भात कळतो, कारण एका पातेल्यातले तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. शिजण्याचे कारण सगळ्यांना समान आहे. म्हणून एक शीत बाकीच्यांबद्दल बोलू शकते. ओझरहून फार दूर नसलेल्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या तबकड्या आहेत: एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यवर्ती भागात, उरलेल्या सोळा तीन दिशांना फाकलेल्या. रस्त्यावरून पाहताना जवळची अजस्र दिसते आणि दूरची परातीएवढी, तरी एकीचे माप घेतले की तिसांचे माप कळते, कारण त्या एकाच आराखड्यावर उभारल्या आहेत. कांद्याचे तसे नाही. एकाच वाफ्यात कोपऱ्याला पाणी कमी मिळते, कुठे रोप दाट पडते, कुठे डेंगळा येतो. तिथे एका कांद्यावरून ढीग सांगणारा बाजारात टिकत नाही. साहित्याच्या एका पिढीला भाताचे पातेले समजायचे, तबकड्यांची रांग समजायचे की कांद्याचा ढीग, याचा निर्णय म्हणीने होत नाही. जो समीक्षक 'काळाची आच सर्वांना सारखीच लागली' असे धरून चालतो त्याने ती आच आधी दाखवावी.

आमचेच उदाहरण घेऊ. ग्रामीण कथा म्हटले की आजही बहुसंख्य वाचकांच्या डोळ्यांपुढे हसरे, इरसाल खेडे येते. असे का? व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाच्या कार्यक्रमांनी महाराष्ट्राला वेड लावले. व्यासपीठावर रंगते ती विनोदी कथा. हशा मिळतो, ध्यानात राहते, पुढच्या गावीही तिचीच फर्माईश होते. कानाया, हायाशी आणि व्हिटनी यांच्या २०१८ सालच्या प्रयोगांत समूहाची सरासरी ठळक, मोठ्या घटकांकडे झुकलेली आढळली, आणि समूह जितका मोठा तितका हा कल वाढत गेला. ढीग वाढला की प्रत्येकाला थोडे अवधान मिळत नाही, ठळकांनाच जास्त मिळते. या तिघांच्या लेखनात दुष्काळ आहे, उपासमार आहे, माणसाचे एकटेपण आहे. पण 'एकूण' काढताना डोळा टेकला तो हशावर. मग पुढच्या पिढीतल्या लेखकांना त्या हसऱ्या खेड्याविरुद्ध लिहावे लागले, आणि समीक्षेने त्यांना 'ग्रामीण कथेला गंभीर वळण देणारे' म्हटले. वळण कुठले? तो कांदा ढिगात आधीपासून होता.

याची उलट बाजूही आहे. टिमोथी ब्रेडी आणि अल्वारेझ यांनी २०११ साली दाखवले, की एकेका वर्तुळाचा आकार आठवून सांगताना माणूस तो त्याच्या गटाच्या सरासरीकडे ओढतो. लाल वर्तुळे सरासरीने मोठी असतील तर लहान लाल वर्तुळही आठवणीत थोडे फुगते. 'बनगरवाडी' (१९५५) वर्गात शिकवली जाते ती 'ग्रामीण कादंबरी' या लाल गटात घालून. परिणामी विद्यार्थ्याला आठवते ते 'ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण', आणि विसरतो तो त्या कादंबरीचा मितभाषी सूर, बाहेरून आलेल्या तरुण मास्तराचे अवघडलेपण, शेवटी ओसाड पडत जाणाऱ्या वाडीची शांतता. सरासरीने तिला आपल्याकडे ओढून आपल्याएवढी केली.

यावर 'मग सरासरी नकोच, प्रत्येक कलाकृती एकमेव' असे म्हणणारा एक पक्ष मराठीत पूर्वापार आहे. त्यांच्याशी आम्ही फार वाद घालणार नाही. मोठ्या वर्तुळांनी वेढलेले वर्तुळ लहान दिसते आणि लहानांनी वेढलेले मोठे, हा एबिंगहाउसचा भ्रम शाळेच्या पुस्तकातही असतो. शेजार टाळून पाहणारा डोळा अस्तित्वात नाही, आणि एकमेव कलाकृती पाहतो म्हणणाऱ्याच्या डोळ्यांतही कुठला तरी ढीग असतोच, फक्त तो लपवलेला असतो. तुलनेने फ्रँको मोरेट्टी यांचे २००० सालापासूनचे 'दूरून वाचन' आम्हाला प्रामाणिक वाटते. ते निदान काय मोजले याची यादी देतात. यादी कोणी आणि कशी केली यावर मग भांडता येते.

आमची मागणी म्हणून फार माफक आहे. 'एकूण' म्हणणाऱ्याने आपला डोळा कुठे टेकला होता ते सांगावे: किती संग्रह वाचले, कुठल्या प्रकाशकांचे, कोणत्या जिल्ह्यांतले, कोणते निम्म्यावर सोडले, आणि नगावर मोजले की वजनावर. चर्चासत्राच्या निबंधात याला अर्धे पान पुरते. वर्गात तर एवढेही लागत नाही. 'वैशिष्ट्ये सांगा' हा प्रश्न एका सत्रापुरता प्रश्नपत्रिकेतून काढावा आणि त्या जागी नाव नसलेल्या चार कथा छापाव्यात: तीन अभ्यासक्रमातल्या, एक बाहेरची. बाहेरची कोणती ते ओळखा, आणि कशावरून ओळखली ते दाखवा. वीस गुण.